उभ्या नसेतले खिळे

आमच्या घरात बोलणं कमी आणि ठोकणं जास्त. कोरीटला, गावाच्या तापीकडच्या टोकाला आमचं घर, पुढे निंबाचं झाड, आणि झाडाला लागून आप्पांची पडवी. आप्पा म्हणजे माझे वडील, गावचे सुतार. सकाळी भाकरीचा तुकडा मोडला की त्यांची हातोडी सुरू व्हायची, ती उन्हं डोक्यावर आल्यावर थांबायची, आणि ती थांबली की माय चुलीपुढून न बघताच ताट वाढायला घ्यायची. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, वर लसणाची चटणी, तेलाची धार, आणि बरे दिवस असले तर वांग्याचं भरीत. आप्पा भाकरी अशी शांतपणे खायचे की मायला राग यायचा. "काही बोला त खरं, भाकर कशी व्हयनी?" ती म्हणायची. "भाकरनागत व्हयनी," एवढंच उत्तर. माझा तडतडा स्वभाव मायचा, आणि हात आप्पांचा, असं सगळं गाव म्हणायचं. स्वभाव अजून तसाच आहे, सुनांना विचारा. हाताचं मात्र पुढे जे झालं ते सांगायलाच मी आज बसले आहे.

आम्ही दोघी बहिणी. मोठी आक्का, माझ्याहून सात वर्षांनी मोठी, आणि मी सुमन, घरात सुमी. मुलगा नाही म्हणून चार बायका मायपाशी येऊन चुकचुकायच्या, आणि माय त्यांना चहा पाजून वर फणकारायची. आप्पांना त्याचं काही वाटलं असेल तर त्यांनी ते कधी दाखवलं नाही. आक्काला पडवीची आवड नव्हती, तिचा जीव चुलीपाशी आणि गाण्यात. मी मात्र भुशातच वाढले. जुन्या गाड्यांचे, मोडक्या दारांचे वाकडे खिळे आप्पा जंबुऱ्याने उपटून एका डब्यात टाकायचे, आणि ते दगडावर ठेवून सरळ करायचं काम माझं. लाकडातून खिळा उपसताना तो 'चुंई' असा ओरडतो. दिवसातून पन्नास वेळा तो आवाज माझ्या कानावर पडायचा. आज इतक्या वर्षांनीही कुठे दाराची बिजागरी तशी ओरडली तर मी हातातलं काम टाकून उठते.

आप्पांनी मला ठोकायला शिकवलं ते असं की मला कळलंसुद्धा नाही मी शिकते आहे. हातोडी मी आधी गळ्याशी धरायची, सगळी पोरं धरतात तशी. आप्पांनी माझी मूठ सरकवत दांड्याच्या शेवटाला नेली. "खियाले मारू नको. हातोडीले पडू दे," ते म्हणाले. हातोडी तिच्या वजनाने पडते, आपण फक्त तिला वर न्यायचं आणि वाट दाखवायची, मनगट सैल ठेवायचं, नजर खिळ्याच्या डोक्यावर ठेवायची, हातोडीवर नाही. पहिले दोन ठोके हलके, खिळा उभा राहण्यापुरते, मग बोटं काढून घ्यायची आणि मग पूर्ण हात. कोरड्या सागात किंवा बाभळीत काठाजवळ खिळा घालायचा असला तर आधी त्याचं टोक दगडावर आपटून बोथट करायचं. मला वाटायचं, टोकदार खिळा बरा शिरेल. आप्पा हसले. टोकदार खिळा लाकडाला पाचरीसारखा फाकवतो, बोथट खिळा समोरचे धागे तोडत, चुरत जातो, म्हणून फळी चिरत नाही. आणि एका रेषेत तीन खिळे कधी घालायचे नाहीत, मागेपुढे घालायचे, नाहीतर त्या रेषेवर फळी उकलते. "लाकूडले इचार, मंग ठोक," हे त्यांचं सगळ्यात लांब वाक्य. खिळा जसा आत जाई तसा आवाज बदलायचा. आधी पोकळ, मग भरीव, शेवटी जड. तो जड आवाज आला की थांबायचं. त्यानंतरचा ठोका हौसेचा, आणि हौसेचा ठोका लाकूड बिघडवतो.

माझा नातू इंजिनियरिंगला आहे. त्याला मी परवा हे सांगितलं तर म्हणाला, आजी, खिळा धरून ठेवतं ते घर्षण, बाजूचे धागे दाबले जातात आणि ते खिळ्याला चिमटा काढून धरतात. मी म्हटलं, शहाण्या, हे मला अकराव्या वर्षी ठाऊक होतं. फक्त अर्धं ठाऊक होतं. उरलेलं अर्धं मी त्याला सांगितलं नाही.

आक्काचं लग्न खापर गावच्या एका घरात झालं. तेही सुतारच, चार भाऊ, मोठी पडवी, आणि सासरा असा की ज्याच्या कामात खोट काढायला आख्ख्या अक्कलकुवा तालुक्यात कुणी नाही, असं तो स्वतःच सांगायचा. लग्नानंतर दुसऱ्या आखाजीला आक्का येणार होती, आणि तिला सहावा महिना होता. आमच्या खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. दिवाळीला एखादी आली नाही तर चालतं, आखाजीला आलीच पाहिजे. मग झाडाला झोके, गौराईची गाणी, आंब्याचा रस, खापरावरच्या पुरणपोळ्या, आणि सासरची उणीदुणी काढत दिवसभर झोका. आक्काने निरोप धाडला होता, नुसत्या दोराच्या झोक्यावर यंदा बसवत नाही, गरगरतं, आप्पांना म्हणावं टेकून बसता येईल असं काहीतरी करा. आप्पांच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद क्वचित पाहिला. त्यांनी सागाची रुंद फळी काढली, दोन्ही बाजूंना टेकायला, धरायला उभ्या पट्ट्या केल्या, वर दोर ओवायला गिरमिटाने भोकं पाडली, सगळं रंधून गालासारखं मऊ केलं. आता बाजूच्या पट्ट्यांत खाचा पाडून फळीची टोकं त्यांत बसवायची आणि खालून दोन आडव्या पट्ट्या द्यायच्या, एवढंच राहिलं होतं.

आणि मध्ये अमावस्या आली. आमच्यात अमावस्येला हत्याराला हात लावत नाहीत. आदल्या संध्याकाळी वाकस, पटाशी, करवत, हातोडी, सगळं पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, आणि दुसऱ्या दिवशी पडवी मुकी. त्या दिवशी आप्पा पहाटेच शेजारच्या गाडीतून प्रकाशा या तीर्थगावी तापीच्या स्नानाला निघाले. जाताना मला म्हणाले, तिथल्या गुजर पाटलाच्या दोन गाड्या आखाजीच्या आत उभ्या करून द्यायच्या आहेत, तो मला दोन दिवस सोडणार नाही, यंदा झोक्याचं राहिलं, मायला सांग, पोरीला बाज टाकून द्या निंबाखाली. मी म्हटलं, राहिलं कसं? आक्का उद्या येणार, आणि फळी तिथे तयार पडलेली! पण आप्पा निघून गेले, मायला माझ्याकडे बघायला सवड नव्हती, आणि मीही तिला निरोप सांगितला नाही. गल्लीतल्या सगळ्या बायका आमच्या मागच्या अंगणात बिबड्यांसाठी, म्हणजे ज्वारीच्या पापडांसाठी, ज्वारी कांडायला जमल्या होत्या.

दुपारी मी पाटावरची हातोडी उचलली. हळदकुंकू परकराला पुसलं. भीती वाटली का? वाटली, पण मायने ऐकलं तर काय, याची जास्त. म्हणून मी युक्ती केली. मागे बायकांची मुसळं पडत होती, धप्प, धप्प, दोन मुसळं एकाआड एक. मी एकेक ठोका त्या धप्पमध्ये टाकला. खाचा पाडायला पटाशीचा हात मला नव्हता, मग मी विचार केला, खाचा कशाला? बाजूची पट्टी फळीच्या टोकाला लावायची आणि पट्टीतून आरपार सरळ फळीत खिळे घालायचे. डब्यातले सगळ्यात लांब, चार बोटं लांबीचे खिळे मी निवडले. टोकं बोथट केली. तेलात बुडवली, आत सरसर जावेत म्हणून. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला चार, मागेपुढे, एका रेषेत नाहीत. इतके गोड शिरले ते खिळे! एकही वाकला नाही, एकही फळी चिरली नाही. मला वाटलं, आप्पांनी पाहिलं तर पाठीवर हात ठेवतील. ते इतके गोड का शिरले, हे मला कळायला हवं होतं. फळीच्या टोकातून आत जाणारा खिळा धाग्यांच्या मधून, त्यांच्याच दिशेने जातो. धागे त्याला वाट देतात. आडव्या अंगाने ठोकला तर ते त्याला धरतात, उभ्या नसेत ठोकला तर सोडून देतात. आप्पा तसा खिळा कधी घालतच नसत, म्हणून तसा घालू नये हे त्यांनी मला कधी सांगितलंच नव्हतं. आणि वर मी तेल लावलं होतं. दोन पाटांवर टेकवून मी स्वतः त्यावर बसून पाहिलं, उडी मारली. चिमणीएवढी मी. टिकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी, म्हणजे आक्काचा नवरा, तिला सोडून पाण्याचा तांब्या पिऊन परतला. आक्का गोरीगोमटी झाली होती, गाल भरले होते, माझ्या तोंडावरून हात फिरवून आपल्या कानशिलांवर बोटं मोडत ती म्हणाली, "कशी वायी गयी वं तू!" मी वाळले नव्हते, पण तिचं प्रेम तसंच. ऊन उतरल्यावर मी शेजारच्या गण्याला झाडावर चढवलं, गाडीचा नाडा, म्हणजे जाड दोर, बांधून घेतला आणि वर झाकलेलं गोणपाट काढून झोका टांगला. आक्का बघतच राहिली. तिने फळीवरून हात फिरवला.

"आप्पानी करा का हाऊ?"

"हां," मी म्हटलं.

खरं सांगितलं असतं तर अमावस्येचं सांगावं लागलं असतं. मग मायने झोडपलं असतं, बस, एवढंच झालं असतं. त्या एका 'हां'ने पुढची सगळी वर्षं गेली.

ती बसली. टेकली. डोळे मिटून म्हणाली, मन्हा बाप गुणी. मी हळूहळू झोका देत होते, ती गौराईचं गाणं गुणगुणत होती, मागे माय बिबड्या उलटत होती. आणि मग मी ऐकलं. चुंई. झोका पुढे गेला की चुंई, मागे आला की गप्प. मला तो आवाज ओळखू आला. हे मी पुढे कित्येक वर्षं कोणाला, अगदी नवऱ्यालाही सांगितलं नाही. खिळा लाकूड सोडतो तेव्हाचा तो आवाज मी रोज ऐकत होते, मला तो नाडा करकरल्यासारखा वाटलाच नाही. मी म्हणायला हवं होतं, आक्का, उतर. पण उतर म्हटलं की ती विचारणार, का? मी म्हटलं, अजून एक झोका देते, मग थांबते. एक दिला. मग आणखी एक. तिसऱ्याला डावी बाजू सुटली आणि फळी खाली वाकली, आक्का पाठीवर, निंबाच्या मुळावर पडली. ती ओरडली नाही. आधी पोटावर दोन्ही हात ठेवले आणि मग माझ्याकडे पाहिलं.

दिवेलागणीच्या आत सगळं संपलं होतं. सुईण बाहेर आली ती हात धुऊन तशीच गेली. मुलगा होता. आप्पा तेव्हाच पोचले. पाटलाने लवकर सोडलं म्हणून ते खुशीत होते, लेकीसाठी टरबूज घेऊन आले होते. माय त्यांच्या अंगावर धावली. "काय करी ठेवं हाई तुम्ही! कसा झोका बांधा!" आप्पा काही समजले नाहीत. ते निंबाखाली गेले. सुटलेली बाजू उचलली. फळीच्या टोकातली चार भोकं पाहिली, गुळगुळीत, तेलकट. एका खिळ्यावरून बोट फिरवलं. मग मान वर केली, मी दाराशी उभी होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाट बघत होते, ते बोलतील म्हणून. आणि ते मायकडे वळून म्हणाले, "चुकनं मन्हं."

त्या आखाजीला आमच्याकडे पितरांची घागर भरली नाही, चूल पेटली नाही. तिसऱ्या दिवशी दाजी आणि त्याचा बाप बैलगाडी घेऊन आले. आक्का आत बाजेवर भिंतीकडे तोंड करून. व्याह्याने आधी झोका मागितला. सुतार तो, त्याने फळी उलटीपालटी केली, टोकातली भोकं पाहिली आणि हसला. असं हसणं मी पुन्हा कुठे ऐकलं नाही.

"उभी नसमां खिया! आन वर तेल!" तो चार माणसांसमोर म्हणाला. "सुतारनं धाकलं पोर बी असं ठोकाव नही. कोन्ही ठोकात ह्या?"

मी माय आणि भिंतीच्या मध्ये होते. मी मायच्या लुगड्याचा काठ मुठीत धरला. मी आप्पांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, मुद्दाम पाहिलं नाही, आज मला ते कळतं.

"मीच ठोकात," आप्पा म्हणाले. "घाई व्हयनी."

आतून आक्काने ते ऐकलं. तिला उचलून गाडीत घातलं तेव्हा आप्पा तिच्या पायाखाली उशी द्यायला पुढे झाले, तर तिने पाय आखडून घेतले.

त्यानंतर महिनाभराने एकदा, मी खिळ्यांच्या डब्याला हात लावत नाही हे बघून, ते माझ्याजवळ बसले. भुसा चिवडू लागले. "उभी नसमां खिया धरस नही, पोरी," ते हळू म्हणाले. "मी तुले सांगाले पाहिजे व्हतं." यात राग नव्हता. मारलं असतं तर बरं झालं असतं! मी रडले, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि आम्ही दोघांनी पुन्हा हा विषय कधी काढला नाही. मला वाटलं, मिटलं. पोराला असंच वाटतं.

मिटलं कुठे? गावात आप्पांना नांगर सांगायचे, वखर सांगायचे, पण पाळणा कुणी सांगेना. शेजारणीला नातू झाला तर तिने पाळणा शहाद्याहून आणवला, आमच्याच दारावरून नेला. आप्पा पडवीतून बघत होते. पण त्याचं त्यांना फार नव्हतं. त्यांना आक्का हवी होती. आमच्याकडे आखाजीला लेकीला आणायला माहेरचा मुऱ्हाळी जातो, बहुधा भाऊ. भाऊ नाही म्हणून आप्पाच जायचे. नवं धोतर, डोक्याला टोपी, मायने बांधून दिलेल्या सांजोऱ्या, आणि खापरला. पहिली दोन वर्षं सासऱ्याने ओट्यावरून परत धाडलं. मग सासरा वारला, दाजी मऊ माणूस, तो म्हणायचा, या, बसा. पण आता आक्काच बाहेर येईना. तिला पुढे मुलं झाली, तीन झाली, तरी येईना. दाजीकडून निरोप आला, ती म्हणते, "तेसना हातना पाटवर बी मी बसाव नही." आप्पा दरसाल जायचे आणि एकटे परत यायचे. माय दारात उभी. "भेटनी का?" आप्पा टोपी काढून खुंटीला लावायचे. "पोर मजामां शे," म्हणायचे. न भेटता. बारा वर्षं.

त्या बारा वर्षांत माझं लग्न झालं, मी नंदुरबारला आले, दोन मुलांची आई झाले. सांगायला मला किती वेळा तोंड होतं! प्रत्येक आखाजीला मी माहेरी जायची, आप्पांची रिकामी चाल रस्त्यावरून येताना बघायची आणि ठरवायची, या वर्षी मीच खापरला जाते. मग वाटायचं, आता सांगून काय, जखम उकरायची कशाला, तिचं घर नीट चाललंय. ही सगळी कारणं मी स्वतःला द्यायची. खरं कारण भीती. आक्का माझ्याशी चांगली होती ना. माझ्या बाळंतपणाला तिने डिंकाचे लाडू धाडले, माझ्या पोरांना अंगडी शिवली. एवढी बहीण मला गमवायची नव्हती. आप्पांनी ती मला राहू दिली, आणि मी राहू दिलेली घेतली.

तेराव्या आखाजीच्या आधी आप्पा गेले. पडवीतच, बसल्या बसल्या. आक्का आली दहाव्याला, मायला भेटली, रडली नाही. मी तिथेही गप्प बसले. आता तर काय, ज्याच्यासाठी सांगायचं तोच नाही, असं म्हणून.

चार वर्षांपूर्वी आक्का माझ्याकडे आठ दिवस राहायला आली होती. ऐंशीची झाली, गुडघे गेले, पण दात शाबूत. आम्ही दोघी दुपारी शेंगा फोडत बसलो होतो. ती सहज म्हणाली, मन्हा पहिला पोऱ्या असता त आते साठना व्हता. आणि माझ्या तोंडून निघून गेलं. सगळं. मुसळं, तेल, 'हां', तो आवाज, आणखी एक झोका दिलेला. आप्पा त्या दिवशी प्रकाशाला होते, हे. मी सांगत गेले आणि ती शेंगा फोडत राहिली. मग थांबली. मला वाटलं, आता थोबाडीत मारेल. मी गालसुद्धा पुढे केला असेन.

"सुमे," ती म्हणाली, "तू पोर व्हती वं. तुले त मी आठ दिनमां माफ करी टाकती."

मी तिचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला. तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं.

"मी दारना मांगे उभी ऱ्हाऊ," ती म्हणाली. "दरसाल. तो बुढा ओटावर बठे, पानी पिये, दारकडे देखे. मी फटमांईन त्याले देखू. आन कडी काढू नही."

मग ती रडली. स्वतःच्या बाळासाठी तिला मी अशी रडताना पाहिलं नव्हतं. ऐंशी वर्षांची म्हातारी, शेंगांची टरफलं मांडीवर, आणि आप्पा, आप्पा, अशी हाक मारत होती, दूर चाललेल्या माणसाला रस्त्यातून मागे बोलवावं तशी. मी शेजारी बसून ऐकत होते. मलाही तोंड उघडायचं होतं, तीच हाक मारायची होती. मला ती मारता आली नाही, अजून येत नाही.